कबरीवर नाव यायला तीन वर्षे

मा. संपादक,
स. न. वि. वि.
अमळनेरला मी अडतीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली. परवा नातवाने मोबाइलवर जॅकी विल्सन हा अमेरिकन गायक ऐकवला. भाषा कळली नाही. वरच्या पट्टीतला आवाज कळला. डेट्रॉइटचा हा गडी आधी बॉक्सिंग करायचा. १९६१ साली एका बाईने गोळी घातली, तरी उठून पुन्हा गायला लागला. रेकॉर्डी खपल्या, पण करापायी घरावर जप्ती आली. २९ सप्टेंबर १९७५ ला न्यू जर्सीत गाता गाता कोसळला, तर लोकांना वाटलं अदाकारीच आहे! आठ वर्षं अंथरुणात काढून १९८४ मध्ये गेला. कबरीवर नाव नव्हतं. १९८७ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून दगड बसवला.

आमचा गायकही वैशाखातल्या वरातीत असाच मटकन बसला होता. नाचणारे म्हणे, ‘आखो एक व्हऊ द्या!’ मालकाने त्याचा त्या रात्रीचा रोज कापला. हातपाय वाकडे झालेले, तो आता घरीच असतो.

लग्नसराईत तुम्ही मंडपांच्या, घोड्यांच्या जाहिराती छापता. रविवार पुरवणीत खानदेशातल्या अशा एखाद्या गायकाला चौकट द्याल का? फोटो मी पाठवतो.

– एक निवृत्त बँडवाला, अमळनेर