काका, खोडावरची फुलं सापडली!

आदरणीय काका,
सा. न.

समोर येऊन आभार मानले तर "बरं बरं, पुरे" म्हणत तुम्ही कुणाची तरी लेन्स पुसायला घ्याल, म्हणून हे जाहीर पत्र. तुमच्या सदाशिव पेठेतल्या दुकानात कॅमेरा दुरुस्तीला टाकणाऱ्यांनाही कळू दे, पावतीवर न लिहिता तुम्ही काय काय देता ते.

टोकियोला सकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला निघालेय म्हटल्यावर घरच्यांनी काय काय आणायचं त्याची यादी हातात ठेवली. तुम्ही विचारलंत, "अगं, पांढरं फूल कधी नीट काढलंयस का?" आणि आमच्या सोसायटीतल्या शेवग्यावर सराव करायला लावलात. त्याचा अर्थ तिथे उलगडला. टोकियोत सगळीकडे दिसतो तो सोमेई-योशिनो हा प्रकार जवळजवळ पांढराच. गुलाबी काय ते कळीत आणि देठाकडे. वर आभाळ भरलेलं. अशा वेळी कॅमेरा एवढ्या उजेडाला बिचकतो आणि फुलं मळकट राखाडी काढतो. शेवग्यामुळे हात आपोआप एक्स्पोजर प्लसला न्यायला, म्हणजे फोटो जास्त उजळ करायला, सरावला होता. किती न्यायचं, पाकळ्या कधी जळायला (नुसत्या कोऱ्या पांढऱ्या दिसायला) लागतात, हेही आधीच कळलेलं. शेजारचे लोक उन्हाची वाट बघत बसले होते, मी मात्र त्या ढगाळ उजेडात मजेत फोटो काढत होते.

ही झाडं सगळी कलमांची, एकाच झाडाच्या प्रती म्हणा ना, त्यामुळे फुलतातही एकदमच. यासुकुनी देवस्थानाच्या आवारात एक ठरलेलं झाड आहे. त्यावर 5-6 फुलं उमलली की तिथलं हवामान खातं टोकियोत बहर सुरू झाल्याचं जाहीर करतं आणि 80 टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. मधे साधारण आठवडाभर. आपल्या पुण्याच्या शिमला ऑफिसने, म्हणजे हवामान खात्याने, बहाव्याचं पहिलं फूल असं जाहीर केलं तर काय बहार येईल!

दुसरा धडा सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानातला. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेल्या त्या बागेत तुम्ही मला कॅमेरा पिशवीतच ठेवून फिरायला लावलंत. वाट वळली की समोरचं दृश्य बदलतं, ते आधी डोळ्यांनी बघ म्हणालात. शिंजुकू ग्योएनमध्ये तेच केलं. ही एकेकाळची राजघराण्याची बाग, 1949पासून सर्वांसाठी खुली. तिथे दारूला बंदी आहे, त्यामुळे टोकियोतल्याच उएनो बागेसारख्या ताडपत्र्या अंथरून रंगलेल्या मैफली नाहीत. (उएनोची मजा वेगळी, पण फ्रेममध्ये कुणाचा ना कुणाचा डबा येतोच.) फिरताना एक फांदी पार गवतापर्यंत वाकलेली दिसली, मागे गडद हिरवी झाडी. वारा आला की पाकळ्या त्या हिरव्यावर लख्ख उठून दिसायच्या. आभाळावर त्याच पाकळ्या दिसतही नाहीत. शटर 1/500 सेकंदावर ठेवलं आणि उभी राहिले.

पण खरं पत्र लिहायला बसले ते तिसऱ्या गोष्टीसाठी. निघताना तुम्ही म्हणालात, "झाड म्हातारं असेल तर खोड बघ. फणस लागतो तसं एखादं फूल खोडालाच आलेलं असेल." जपानला न जाता हे तुम्हाला कसं सुचलं कोण जाणे! उएनोमध्ये रात्री पाऊस पडून गेला होता. सगळ्यांच्या माना वर आणि मी एका काळ्या, ओल्या खोडाशी उकिडवी बसलेली. सालीच्या भेगेतून आखूड देठांवर चार-पाच फुलांचा झुबका निघालेला, प्रत्येक पाकळीच्या टोकाला बारीक खाच आणि एका खाचेत अडकलेला पावसाचा थेंब. फांदीला हात लावायचा नाही हा तुमचा नियम इथे मोडायचा प्रश्नच नव्हता, फूल डोळ्यांसमोरच होतं. एक जपानी आजी थांबल्या, मी काय बघतेय ते वाकून बघितलं आणि त्यांनीही मोबाइल काढला.

चिदोरीगाफुचीच्या खंदकावर साचलेला पाकळ्यांचा थरही काढलाय, पण त्याला खोडाच्या फोटोची सर नाही. तोच मोठा करून घ्यायचाय. सालीचा खरखरीतपणा मॅट कागदावर राहील की ग्लॉसीवर, ते तुम्हीच ठरवा. शनिवारी कार्ड घेऊन येते. आणि या वेळी छपाईचे पैसे घ्यायचे, आधीच सांगून ठेवते.

तुमची,
शेवगेवाली