मुक्तिदिनी आपल्या गावातली नावे वाचली जावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

17 सप्टेंबरला, निजामाच्या हैदराबाद संस्थानातून सुटका झाल्याच्या मुक्तिसंग्राम दिनी, मराठवाड्यात सकाळी झेंडावंदन होते, स्मृतिस्तंभाला पुष्पचक्र वाहिले जाते, दोन-तीन भाषणे होतात आणि नऊच्या आत मैदान मोकळे होते. भाषणांत लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू यांची नावे घेतली जातात, आणि ती घेतलीच पाहिजेत. पण भाषण ज्या गावात चालू असते त्या गावातून तुरुंगात कोण गेले, सरहद्दीवरच्या लढवय्यांच्या कॅम्पावर कोण होते, कोणाचे घर निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांनी जाळले, हे बोलणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. ऐकणाऱ्यांनाही नसते. उरलेला दिवस घराघरांनी या नावांसाठी द्यावा, अशी कळकळीची विनंती आहे.

1948 साली 17 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. त्या संध्याकाळी निजामाने रेडिओवरून शस्त्रसंधी जाहीर केली आणि 13 तारखेला सुरू झालेली भारतीय सैन्याची कारवाई, म्हणजे 'पोलीस ॲक्शन', पाचव्या दिवशी थांबली. पंचांग सरकत असल्याने हा दिवस कधी गणपतीत, कधी महालक्ष्म्यांच्या आसपास, तर कधी पितृपंधरवड्यात येतो. अशा दिवसांत लेकी-जावई, पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुले, भाऊबंद घरी आलेले असतात. माहिती जमवायला याहून चांगली वेळ मिळत नाही.

आधी घरातली जुनी ट्रंक उघडावी. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात 1972 साली स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले. अनेक घरांत तो देवघराजवळ असतो आणि दसरा-दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेने किंवा पितांबरीने घासला जातो. प्रत्येक घासणीत तांब्याचा थर जातो आणि अक्षरे बुजत जातात. कोरड्या सुती फडक्याने पुसणे पुरेसे आहे. त्याहून मोलाची असते स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनची फाइल. तीत मूळ अर्ज, तुरुंगाचा दाखला किंवा सहकैद्याचे प्रमाणपत्र, भूमिगत असल्याचा पुरावा, उमरखेड-बार्शीकडच्या सरहद्दीवरील कॅम्पाचे नाव असे बरेच काही एकत्र सापडते. शिक्षेचे महिने आणि सोबत्यांची नावेसुद्धा तिथेच मिळतात, आणि एका फाइलीतून शेजारच्या चार गावांचा माग लागतो.

ही कागदपत्रे कृपया लॅमिनेट करू नयेत. उष्णतेने चिकटलेला प्लास्टिकचा थर पुन्हा निघत नाही आणि आत अडकलेला ओलावा कागद आतून कुजवतो. सेलोटेपही नको, तो काही वर्षांत पिवळा पडून शाईसकट उखडतो. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात, कागद उलगडून सपाट ठेवावा, दिवसाच्या उजेडात पण सावलीत, फ्लॅश न लावता, फोन कागदाला समांतर धरून दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. मागच्या बाजूचे शिक्के आणि जावक क्रमांक नेमके सुटतात, आणि पुढे सरकारी दप्तर शोधायचे तर तेच लागतात. जुन्या छायाचित्रात कोण कोण आहे ते मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यांवर उमटतो.

निजामी काळातला कागद उर्दूत आणि फसली सनात (निजामाच्या महसुली वर्षात) असतो, म्हणून घरचे तो बाजूला ठेवून देतात. सनाचा हिशेब सोपा आहे. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरातल्या तारखेसाठी फसली सनात 590 मिळवावेत, जानेवारीपासून पुढच्या तारखेसाठी 591. म्हणजे 1357 फसली हे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948 हे वर्ष. लढ्याचा सर्वांत धगधगता काळ त्यात येतो. मजकूर वाचायला गावातल्या मशिदीतले मौलवी किंवा निवृत्त उर्दू शिक्षक मदत करतात, त्यांना आदराने बोलवावे.

दुसरे काम वडीलधाऱ्यांशी बोलण्याचे. त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली माणसे आज नव्वदीला टेकली आहेत, त्यामुळे हे पुढच्या वर्षावर ढकलता येणार नाही. 'आजोबा, मुक्तिसंग्रामाबद्दल सांगा' असे विचारले की पुस्तकात असते तेच उत्तर येते. त्याऐवजी विचारावे : धान्य पेवात लपवले होते का? गाव सोडून कुठे गेलात, बैलगाडीने की पायी? गुरे कोणाकडे ठेवली? परत आलात तेव्हा पेरणी झाली होती का? तारीख आठवत नसेल तर पोळ्याच्या आधी की नंतर, असे विचारले की काळ हाती लागतो. दुपारच्या झोपेनंतर अर्धा तास पुरे. पंखा आणि टीव्ही बंद करावा, सुरुवातीला नाव, गाव, तारीख मोठ्याने बोलून मगच रेकॉर्डिंग करावे. घोळ होतो तो भोवती बसलेल्या नातलगांमुळे. ते मधेच आठवण करून देतात आणि ऐकीव गोष्ट पाहिलेली म्हणून नोंदली जाते. म्हणून एकेकट्याशी बोलावे, आणि एकच प्रसंग दोघांनी वेगवेगळा सांगितला तर दोन्ही लिहून ठेवावेत.

आज्यांना आवर्जून विचारा. फाइल पुरुषाच्या नावाची असते. रात्री बेरात्री कॅम्पावरच्या पोरांसाठी भाकरी थापणारी, चिठ्ठी टोपल्यात घालून नेणारी, नवरा तुरुंगात असताना शेत आणि लेकरे सांभाळणारी बाई कोणत्याच कागदावर नसते. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचे नाव निदान जालना भागात घेतले जाते. बाकीच्या कितीतरी जणी घरातल्या आठवणीपुरत्या उरल्या आहेत.

श्रद्धेच्या वाटेनेही ही कृतज्ञता घरात येऊ शकते. भाद्रपद वद्य चतुर्दशीला पंचांगात 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' लिहिलेले असते. शस्त्राने मारल्या गेलेल्यांचे श्राद्ध त्या दिवशी होते. कॅम्पावर गेलेला आणि परत न आलेला, ज्याची तिथीच माहीत नाही, त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे, आणि ज्यांच्यामागे कोणी उरले नाही त्यांच्यासाठी धर्मपिंड. गुरुजींना गावच्या हुतात्म्यांची नावे आधी लिहून द्यावीत. हे विधी न करणाऱ्यांनी सप्ताहाच्या काल्याला, विहारातल्या वंदनेला, दर्ग्यातल्या फातिह्याला ती वाचावीत. गुंजोटीचे वेदप्रकाश, 1946 साली अर्जापूरला मारले गेलेले गोविंदराव पानसरे, वापटीचे बहिर्जी शिंदे ही नावे तिथे शोभतील. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचेही घ्यावे. भारतात विलीन व्हावे असे लिहिल्याबद्दल ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. पोलीस ॲक्शननंतर निरपराध मुस्लिम कुटुंबांवर जे गुदरले, ते भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोंदवले आहे. कोणी म्हातारी ते सांगू लागली तर तेही तितक्याच आदराने लिहून घ्यावे.

स्तंभाबद्दल थोडे. सोहळ्याच्या आधी पूर्ण स्तंभाला ऑइलपेंट फासला जातो आणि कोरलेली अक्षरे दरवर्षी थोडी थोडी भरत जातात. रंग अक्षरांच्या खाचेतच, बारीक ब्रशने भरून घ्यावा. संगमरवरी फलकाला ॲसिड लावू नये, ते दगडच खाते. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. भेगेत पिंपळाचे रोप दिसले तर बोटभर असतानाच मुळासकट काढावे. मोठे झाल्यावर ओढले की गिलावा सोबत येतो.

आपल्या दैनिकाला एक मागणे आहे. सप्टेंबरभर रोज पाव पान एका गावासाठी ठेवावे. त्यात पाच गोष्टी असाव्यात : नाव, गाव, काय केले, पुरावा कोणता, आणि सांगणारा कोण. पुरावा तोंडी असेल तर तसे स्पष्ट छापावे. दुरुस्ती कळवायला पंधरा दिवस द्यावेत, कारण एकाच नावाची दोन माणसे आणि एकाच नावाची दोन गावे मराठवाड्यात ठिकठिकाणी आहेत. तालुका लिहिल्याशिवाय मजकूर घेऊ नये.

आपला,
एक वाचक, परभणी