मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे काम प्रकल्प म्हणून स्वीकारावे

महोदय,

सांगली परिसरातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे शेवटच्या वर्षाचे कितीतरी प्रकल्प गुण मिळताच कपाटात जातात, ही खंत मी अध्यापनाच्या काळात जवळून अनुभवली आहे. त्याऐवजी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता आणि सुधारता येतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, केलेले काम महाविद्यालयांनी प्रकल्प म्हणून ग्राह्य धरावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स (संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा) जगभरातून आलेल्या दुरुस्त्यांवर वाढले आणि आज ते आपल्या अँड्रॉइड फोनच्याही मुळाशी आहे. मात्र योगदान म्हणजे केवळ कोड लिहिणे नव्हे. लिब्रेऑफिस या मुक्तस्रोत कार्यालयीन सॉफ्टवेअरचे भाषांतर वेबलेट या ऑनलाइन साधनावर चालते आणि तेथे अचूक मराठी शब्द सुचवण्यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नसते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील फरक एखादा फाँट नीट दाखवत नसेल, तर सॉफ्टवेअरची आवृत्ती, चूक घडवणाऱ्या नेमक्या पायऱ्या आणि अपेक्षित रूप लिहून पाठवलेली नोंद हेही मोलाचे काम आहे. मराठी वाचणाऱ्याखेरीज ही चूक कोणाच्या नजरेस येणार?

पहिली दुरुस्ती बहुधा शेरे मारून परत येते. अनोळखी जाणकाराने सर्वांदेखत केलेली ही तपासणी, तिला दिलेले उत्तर आणि पुन्हा केलेली मांडणी यांतून विद्यार्थी जे शिकतो, ते तोंडी परीक्षेच्या दहा मिनिटांत शिकवता येत नाही. स्वीकारल्या गेलेल्या प्रत्येक बदलाची नोंद गिट या कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात तो बदल करणाऱ्याच्या नावानिशी राहते, त्यामुळे परीक्षकांना मूल्यमापनही सहज करता येईल.

– संगणकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली