शांतारामबापूंचा असा हिशेब लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला व्ही. शांताराम यांच्यावरचा लेख वाचला. 'प्रभात' फिल्म कंपनीतले शांताराम थोर, पुढं स्वतः काढलेल्या 'राजकमल'मधले भडक; १९४२ साली 'प्रभात' सोडली आणि दिग्दर्शक संपला, असा एकूण निकाल. मी समीक्षक नाही. तालुक्याच्या गावात बत्तीस वर्षं टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. प्रेक्षक सिनेमा एकदा बघतो. आम्हाला तोच दिवसातून तीनदा बघावा लागतो, आवडो न आवडो. म्हणून चार शब्द.

कामावर नवा होतो तेव्हा सकाळच्या खेळाला बापूंचा, 'प्रभात'चा 'कुंकू' (१९३७) लागला होता. पहिल्याच रिळाला घाबरलो. माणसं बोलतायत, घरातले आवाज येतायत, पण मागं वाद्यांचा मागमूस नाही. साऊंड गेला समजून ॲम्प्लिफायरचं बटण पिळलं, तर खालून शिट्ट्या. वस्ताद म्हणाले, "हात लावू नकोस. यात पार्श्वसंगीत नाहीच." म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या पोरीची गोष्ट, आणि तिचा सगळा कोंडमारा त्या घरातल्या आवाजांवर तोललेला. पुढं आठवडाभर मी पडद्याकडं न बघता नुसता ऐकत होतो.

पण हे श्रेय एकट्या बापूंचं का? 'प्रभात'मध्ये ध्वनीची बाजू दामलेमामांकडे, नेपथ्य साहेबमामा फत्तेलालांकडे. 'कुंकू'ची मूळ कादंबरी ना. ह. आपट्यांची. 'हे जरा जास्त होतंय' असं तोंडावर म्हणू शकणारे भागीदार शेजारी होते. परळच्या 'राजकमल'मध्ये मालक तेच, दिग्दर्शक तेच. तिथं कोण म्हणणार? लेखकानं हा फरक बघितला असता तर बरं झालं असतं. त्याऐवजी सरळ सालावर रेघ मारली.

त्या रेघेनं 'दो आँखें बारह हाथ'चं काय करायचं? १९५५ला 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरमध्ये काढून नाव आणि पैसा दोन्ही मिळाले. दुसरा कुणी असता तर लगेच आणखी एक रंगीत नाचगाणं काढलं असतं. यांनी १९५७ला कृष्णधवल, सहा खुनी कैदी आणि एक जेलर. पटकथा गदिमांची, प्रेरणा औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाची. त्यात बैलाशी झुंजताना बापूंच्या डोळ्याला जबर इजा झाली. डोळ्यांवर पट्टी असताना जे रंग मनात आले त्यांतून १९५९चा 'नवरंग' निघाला. चार वर्षांत हे तीन सिनेमे. यातला कुठला शांताराम खरा, ते लेखकानं सांगावं.

भडकपणा होता, नाही कोण म्हणतो? 'नवरंग'मध्ये होळीच्या गाण्यात हत्ती नाचतो. 'जल बिन मछली नृत्य बिन बिजली'ला आमच्याकडं लोक गाणं लागलं की चहाला उठायचे. मालकांनी तर रात्रीच्या खेळाला एक गाणं गाळायलाच लावलं होतं, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. पण 'प्रभात'च्या 'अमृतमंथन'मध्ये नट चंद्रमोहनचा डोळा पडदाभर करणारा आणि हा हत्तीवाला, माणूस एकच. डोळ्यांना धक्का द्यायची हौस पहिल्यापासूनची. कधी ती गोष्टीच्या कामाला आली, कधी गोष्टीच्याच उरावर बसली.

आणि 'पिंजरा' (१९७२)? तेव्हा बापू सत्तरी ओलांडलेले. गोष्ट अनंत मान्यांची, संवाद शंकर पाटलांचे, गाणी खेबुडकरांची, संगीत राम कदमांचं. माणसं निवडायची नजर मात्र बापूंची. आमच्याकडं तो इतका चालला की प्रिंटवर चरे पडून पडद्यावर पाऊस पडतोय असं वाटायचं. लावणीला पिटातून, म्हणजे पुढच्या स्वस्त जागांवरून, चिल्लर उडायची. मग डॉ. लागूंचे गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभे राहिले की तोच पिट असा गप्प व्हायचा, की केबिनमध्ये मला प्रोजेक्टरची घरघर मोठी वाटायची. संपलेल्या दिग्दर्शकाला हे जमतं का?

जाता जाता एक. त्याच लेखात 'संत तुकाराम' शांतारामबापूंच्या नावावर टाकलाय. १९३६चा तो सिनेमा विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. तेवढी दुरुस्ती कृपया येत्या रविवारी छापावी.

आपला,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर, जि. सातारा