‘स्पाय हंटर’ला त्या माळेत ओवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या व्हिडिओ गेमविषयी आलेल्या लेखात गाडी पळवण्याचे आणि गोळ्या झाडण्याचे सगळे खेळ एकाच माळेत ओवून, या खेळांनी मुलांना दिसेल ते उडवायला शिकवले, असा निष्कर्ष काढला आहे. तो घाईचा वाटतो. टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांवरून आपल्याकडे घरोघरी पोहोचलेल्या ‘रोड फायटर’मध्ये तर बंदूकच नाही, तिथे खरी धास्ती असते ती इंधन संपण्याची. ज्यात बंदूक आहे, त्या ‘स्पाय हंटर’चे नियमही लेखातील विधानाला दुजोरा देत नाहीत.

हा खेळ ‘बॅली मिडवे’ने १९८३ मध्ये आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या सार्वजनिक यंत्रांसाठी, काढला आणि ‘सनसॉफ्ट’ने १९८७ मध्ये तो निन्टेन्डोच्या घरगुती कन्सोलवर आणला. वरून दिसणाऱ्या रस्त्यावर आपली गाडी धावत असते, तिच्या नाकावर मशीनगन असते आणि शत्रूंच्या गाड्यांमध्ये मिसळून सामान्य प्रवाशांची वाहनेही चाललेली असतात. यांतले एखादे निरपराध वाहन आपल्या हातून उडाले, की काही काळ गुण मिळणेच थांबते. ही शिक्षा वरवर किरकोळ भासते. पण सुरुवातीला ९९९ पासून उतरत जाणारा आकडा शून्यावर येईपर्यंतच, गाडी नष्ट झाली तरी, नव्या गाड्या हव्या तितक्या मिळतात, त्यानंतर जादा गाडी केवळ गुणांच्या बळावर पदरात पडते. म्हणजे बेछूट गोळीबार करणारा खेळाडू स्वतःच्याच पुढच्या गाडीवर पाणी सोडत असतो.

शिवाय बंदूक सर्वत्र चालतही नाही. ‘रोड लॉर्ड’ या चिलखती गाडीवर गोळ्या फुकट जातात; तिला शेजारून धडक देत रस्त्याबाहेर रेटावे लागते आणि त्यासाठी नेम उपयोगाचा नसतो, वेगावरचा ताबा लागतो. तेल सांडण्याची किंवा धूर सोडण्याची सोय हवी असेल, तर शस्त्रे पुरवणाऱ्या ट्रकच्या मागे जाऊन, त्याच्या वेगाशी वेग जुळवून, चालत्या ट्रकमध्ये गाडी चढवावी लागते. आजूबाजूला गोळ्या सुटत असताना वेग आवरण्याइतका संयम अंगी यायला वेळ लागतो, हे खेळणाऱ्यांना ठाऊक आहे.

हा खेळ निर्दोष आहे असे नाही. त्याला शेवट नाही, वरून बॉम्ब टाकणारे हेलिकॉप्टर कित्येकदा अन्याय्य वाटते आणि आर्केडमधले सुकाणू, गिअर व पायाखालचे पेडल जाऊन घरगुती कन्सोलवर सगळा कारभार अंगठ्यांवर आल्याने धडक देण्यातली मजा बरीच पातळ झाली. (हेन्री मॅन्सिनी यांची ‘पीटर गन’ या टीव्ही मालिकेची धून मात्र तिथेही कानात घुमत राहते.) या उणिवांवर लेखकाने टीका केली असती, तर मी हे पत्र लिहिलेच नसते.

लेखमाला पुढे चालू राहणार असल्यास प्रत्येक खेळात गुण कशाचे मिळतात आणि कशाने थांबतात, एवढे तरी लेखकाने नोंदवावे, ही विनंती. ‘स्पाय हंटर’विषयी मत बनवायचे तर तो आकडा शून्यावर आल्यानंतरही खेळून पाहावा, सुरुवातीच्या फुकटच्या गाड्यांवरून त्याचा अंदाज येत नाही.

आपला,
एक वाचक, सांगली