शिदोरी आणि शिळा पेपर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘सुट्टीतला रेल्वे प्रवास आणि खाऊ’ यावर अर्धं पान होतं. हौसेने वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच परिच्छेदाला अडखळले. दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या जेवणासाठी लेखात लिंबूभात आणि फोडणीचा भात सुचवलाय. तोही मे महिन्यात!

माझ्या लेकीचं सासर नागपूरचं. त्यामुळे गेली बारा वर्षं सांगलीहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने वर्षाला दोन फेऱ्या ठरलेल्या. दुपारी निघायचं, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ करत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचायचं. त्याआधी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. म्हणून भाताबद्दल राहवत नाही. भातात बॅसिलस सीरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, आणि ते शिजवण्याच्या उष्णतेतही तग धरतात. डबा उबेत तासन् तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या होतात त्या याच विषाने, आणि भात पुन्हा गरम केला तरी ते नाहीसं होत नाही. वास येत नाही म्हणून भात चांगला आहे, असंही समजू नये.

आता मिरजेचे वाचक म्हणतील, आमचे कानडी शेजारी तर पिढ्यान् पिढ्या चिंचेचा भात नेतात. नेतात, खरं आहे. मीही त्यांच्या डब्यातला खाल्लाय. पण त्यात चिंचेचा दाट कोळ आणि तेल आपला हात आखडेल इतकं असतं, आणि मुख्य म्हणजे रात्रीच्या जेवणाला ते डबा धुवून मोकळे होतात.

आमच्या घरी डबा स्टेशनांवर मोजतात. बटाट्याची सुकी भाजी पुण्याच्या आत संपली पाहिजे, उरली तर टाकायची. तिच्यात कांदा नाही, ओलं खोबरं तर नाहीच नाही. भुसावळला सकाळच्या चहाबरोबर तिखटामिठाच्या पुऱ्या. अकोल्याच्या पुढे दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. मध्ये शेगावला आमचे हे कचोरीसाठी खाली उतरतात आणि गाडी हलेपर्यंत माझा जीव टांगणीला लावतात, तो भाग वेगळा.

दशमीबद्दल पुरवणीत एक ओळ नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. आपल्याकडे प्रवासाची भाकरी म्हणजे दशमीच. दुधात गूळ विरघळवायचा, त्यातच कणीक घट्ट भिजवायची, तेलाचं मोहन सढळ, पाण्याचा थेंब नाही. मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तूप सोडून खरपूस भाजली की दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. साध्या पोळीचा तोवर पापड होतो. सासूबाई ज्वारीच्या पिठाच्याही करायच्या. त्या मला कधी साधल्या नाहीत, चिरतात.

पण पदार्थापेक्षाही लोक चुकतात ते भरण्यात. गाडीची वेळ झालेली, तव्यावरची शेवटची दशमी थेट डब्यात. आतली वाफ झाकणाला लागते, झाकणाला घाम सुटतो, तोच घाम खाली ठिबकतो आणि दुपारपर्यंत चिकट होतं सगळं. दुरडीत स्वच्छ फडकं पसरून पुरती गार करायची, मगच डबा बंद. भडंगाचं उलट. त्याला बाहेरची हवा लागली की सादळतं. त्यामुळे घट्ट झाकणाचा डबा, आणि एकाच मोठ्या डब्याऐवजी तीन लहान, म्हणजे दर वेळी सगळं उघडावं लागत नाही. गोडाला आपले बेदाणे आहेतच, ते सांडत नाहीत की नासत नाहीत. कृष्णाकाठच्या वांग्यांवर आमचा कितीही जीव असला तरी भरली वांगी गाडीत नकोत. एकदा नेली होती. मसाल्याचं तेल वरच्या बर्थवरून खालच्या प्रवाशाच्या पांढऱ्या शर्टावर उतरलं.

आता मूळ तक्रार. त्याच लेखात ‘पुऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात, जादा तेल टिपलं जातं’ असं लिहिलंय. माफ करा, पण वर्तमानपत्रानेच हे छापावं? छपाईच्या शाईतली शिशासारखी रसायनं तेलकट आणि गरम पदार्थात उतरतात. देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये याबद्दल सावध केलं होतं, आणि पॅकेजिंगच्या २०१८ च्या नियमांत तर अन्न बांधायला, झाकायला वर्तमानपत्राला साफ मनाई आहे. म्हणजे वडापावच्या गाडीवाल्याला जे चालत नाही, ते तुम्ही घरच्या बाईला करायला सांगताय.

हे मी साजूकपणाने लिहीत नाही. वर्षानुवर्षं मीही तेच केलं. एकदा मनमाडच्या अलीकडे यांनी पुरी हातात घेतली आणि चष्मा लावून वाचू लागले. पुरीवर ‘वधू पाहिजे’ उलट्या अक्षरात उमटलं होतं, खाली उंची आणि पगारासकट. गाडीचा अख्खा डबा हसला, मीही हसले, आणि उरलेल्या पुऱ्या खाल्ल्यासुद्धा. शाळेत मुलांना शिसं शरीरात साठत जातं असं शिकवणारी मी! घरी आल्यावर मात्र जुन्या धोतराची फडकी शिवली. तीच धुऊन धुऊन अजून चालवते. केळीचं पान मिळालं तर त्याहून बरं.

‘हल्ली सीटवर जेवण मागवता येतं, मग हा खटाटोप कशाला’ असंही लेखात आहे. मागवता येतं, आम्हीही मागवलंय. पण गाडी दोन तास उशिरा धावत असली की भूक आणि स्टेशन यांचा मेळ बसत नाही. गंमत म्हणजे २०२३ पासून जनरल डब्यांपाशी रेल्वे २० रुपयांत जे जेवण विकते, त्यात काय आहे? ७ पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचं. आमचीच शिदोरी झाली की!

लेखातल्या प्रवासी किटलीबद्दल एवढंच, की डब्यातले सॉकेट मोबाइल आणि लॅपटॉपपुरते असतात. त्यावर किटली लावायला रेल्वेची मनाई आहे, आणि बंद डब्यात आग लागली तर पळणार कुठे?

राहता राहिलं वाटून खाणं. पूर्वी डबा उघडला की आधी समोरच्यापुढे धरायची रीत होती. गोंदियाच्या एका बाईंनी मला अशीच सांबारवडी खायला घातली होती. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. आता स्टेशनवर भोंगा सांगतो, अनोळखी माणसाकडून काही खाऊ नका. गुंगीचं औषध घालून लुटण्याचे प्रकार होतात, तेव्हा भोंगा बरोबरच आहे. मीही हल्ली समोरच्या मुलांना काही देत नाही. पण त्यांच्या आईकडे न बघता दशमी खाणं फार अवघड जातं, घास फिरतो तोंडात. भडंगाचा बंद पुडा पुढे केला तर कुणी नाही म्हणत नाही, एवढा मार्ग सध्या काढलाय.

दोन मागण्या आहेत. भात आणि पुऱ्यांच्या कागदाबद्दलची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर छापावी, आतल्या पानावर बारीक अक्षरात नको. आणि पुरवणीच्या तळाशी ‘या कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत’ अशी एक कायमची ओळ टाकता आली तर पाहावं.

मी शनिवारी निघते आहे. पुरवणी नागपुरात लेकीकडे मागवून ठेवली आहे. शब्दकोडं चुकवत नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली