‘ॲम्प्यूल’वरील दिशाभूल करणारे लेबल आणि घातक वापरपत्रिका यांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
कोरियन सौंदर्यप्रसाधनांचे आयातदार व ऑनलाइन विक्रेते

विषय : नायसिनमाइड ॲम्प्यूलच्या घटकांबाबत चुकीची माहिती आणि संचासोबतच्या वापरपत्रिकेतील घातक सूचना

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी चेहऱ्याच्या निगेचा कोरियन संच मागवला होता. त्यात नायसिनमाइडचे (डाग फिके करणारे जीवनसत्त्व बी-३) ॲम्प्यूल, म्हणजे सीरमपेक्षा तीव्र म्हणून विकले जाणारे चेहऱ्याचे द्रव, रेटिनॉलचे (जीवनसत्त्व ‘अ’चा प्रकार) ॲम्प्यूल, ग्लायकोलिक ॲसिडचा (मृत त्वचा काढणारे आम्ल) टोनर आणि एक छापील वापरपत्रिका होती. मुरुमांमागे राहिलेले काळपट डाग कमी व्हावेत, एवढ्यासाठीच साध्या सीरमऐवजी (चेहऱ्यावर लावायचे पातळ द्रव) दुप्पट किमतीचे ॲम्प्यूल निवडले. ‘सीरमपेक्षा कितीतरी पटीने तीव्र’ असे आपणच जाहिरातीत म्हटले आहे.

खोक्यावर आपण भारतासाठी जे स्टिकर चिकटवले आहे, त्यावर घटकांच्या यादीत पाण्यानंतर लगेच नायसिनमाइड आहे. पण स्टिकर नेमके मूळ कोरियन यादीवरच लावलेले. केस वाळवायच्या ड्रायरने गरम करून, नखाने कोपरा उचलून मी ते सोडवले. मला कोरियन लिपी वाचता येते. खालच्या छापील यादीत नायसिनमाइड शेवटाकडे, फेनॉक्सीइथेनॉलच्याही नंतर, सुगंधाच्या आधी आहे. दोन्ही याद्यांचे फोटो सोबत जोडले आहेत.

याचा अर्थ आपल्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असणार, तरीही लिहिते. कोरियात घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक तेवढे शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फेनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक (उत्पादन खराब होऊ न देणारा घटक) असून तिथे त्याची कमाल मर्यादाच १ टक्का आहे. म्हणजे त्याच्या मागे लिहिलेले नायसिनमाइड १ टक्क्याहून जास्त असूच शकत नाही. त्वचा उजळवणारे ‘कार्यात्मक सौंदर्यप्रसाधन’ म्हणून मान्यता हवी असेल, तर कोरियात नायसिनमाइड २ ते ५ टक्के लागते आणि तशी नोंद खोक्यावर असते. या खोक्यावर ती नोंद नाही. मूळ उत्पादकाने जो दावा केलेला नाही, तो आपण स्टिकरवर केला आहे. तीव्र म्हणून विकलेले ॲम्प्यूल साध्या उजळवणाऱ्या सीरमच्या पातळीलाही पोहोचत नाही.

आपल्या प्रतिनिधींना मी टक्केवारी विचारली, तर ‘तो कंपनीचा गोपनीय फॉर्म्युला आहे’ असे उत्तर मिळाले. कित्येक कोरियन ब्रँड हाच आकडा बाटलीवर ठळक छापतात. ग्राहकाला त्याची गरजही असते. नायसिनमाइड आजकाल टोनर, क्रीम, सनस्क्रीन अशा सगळ्यांत थोडेथोडे असते. कुणाला १० टक्क्यांना चेहरा लाल होतो, कुणाला ५ टक्के पुरते. आकडा कळला नाही, तर वर आणखी ॲम्प्यूल लावायचे की नाही, हे माणसाने ठरवायचे कसे? ‘ॲम्प्यूल’ या नावाला कायद्यात ठरावीक तीव्रता बांधलेली नाही. म्हणूनच ते नाव वापरून दुप्पट किंमत घेणाऱ्याने प्रमाण सांगितलेच पाहिजे.

वापरपत्रिकेबद्दल तर मला संतापच आहे. ‘सकाळ-संध्याकाळ आधी ॲसिड टोनर, त्यावर लगेच रेटिनॉल ॲम्प्यूल, रोज’ असे तीत छापले आहे. रेटिनॉल रात्रीच लावायचे, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, आणि सवय होईपर्यंत त्याच रात्री ॲसिड नको, ही या क्षेत्रातली प्राथमिक गोष्ट आहे. सनस्क्रीनचा पत्रिकेत उल्लेखही नाही. ग्लायकोलिक ॲसिड आणि रेटिनॉल दोन्हींमुळे त्वचा उन्हाला हळवी होते, आणि पुण्याच्या एप्रिलमधल्या उन्हात अशा त्वचेचे काय होते ते वेगळे सांगायला नको. पत्रिकेप्रमाणे वापर केल्यावर माझ्या नाकाच्या बाजूची आणि ओठांच्या कोपऱ्यांची साल निघू लागली, नुसते पाणी लागले तरी चरचरायचे. त्वचारोगतज्ज्ञांनी दोन्ही बंद करायला लावून साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच ठेवले. त्यांची चिठ्ठी सोबत आहे.

याहून गंभीर बाब अशी, की पत्रिकेवर ‘सर्व महिलांसाठी सुरक्षित’ असे ठळक अक्षरांत आहे. गरोदरपणात रेटिनॉल टाळायला डॉक्टर सांगतात. हा संच लग्नाच्या भेटीसाठी म्हणूनही आपण विकता. नव्याने लग्न झालेल्या मुलींच्या हातात ही पत्रिका पडते, याचा आपल्याकडे कुणीच विचार केला नसावा, हे मला अक्षम्य वाटते.

माझ्या मागण्या अशा आहेत. संचाची पूर्ण किंमत आणि डॉक्टरांचे शुल्क परत मिळावे. नायसिनमाइडचे खरे प्रमाण लेखी कळवावे आणि स्टिकरवरची यादी मूळ यादीप्रमाणे करावी. यापुढे स्टिकर मूळ घटक व मुदतीच्या तारखेवर चिकटवू नये. आणि ज्यांनी ज्यांनी हा संच घेतला, त्या सर्वांना रेटिनॉलबाबतची दुरुस्ती ई-मेल आणि एसएमएसने आजच कळवावी. पैशांना थोडा उशीर झाला तरी चालेल, या सूचनेला नाही.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी दाद मागेन. स्टिकरची बाब सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० खाली औषध नियंत्रण यंत्रणेकडेही नेईन. उरलेले ॲम्प्यूल, खोके आणि सोडवलेले स्टिकर माझ्याकडे जपून ठेवले आहे. तपासणीसाठी हवे असल्यास लेखी पोच घेऊनच देईन.

आपली,
एक ग्राहक, पुणे

सोबत : खोक्याचे व दोन्ही याद्यांचे फोटो, वापरपत्रिकेची प्रत, बिल, डॉक्टरांची चिठ्ठी